कांस्ययुगातली कुऱ्हाड 'पितळी' कशी?

प्रश्न असा आला आहे: पूर्व लंडनमधल्या हेवरिंगला 2018मध्ये जो 'होर्ड', म्हणजे पुरून ठेवलेल्या वस्तूंचा साठा, सापडला, त्यातल्या 'सॉकेटेड ॲक्स'ला मराठीत काय म्हणावे? 'पितळी पोकळ कुऱ्हाड' चालेल का?

'पितळी' मुळीच चालणार नाही. पितळात तांब्याबरोबर जस्त असते. हेवरिंगच्या 453 वस्तू इसवी सनापूर्वी 900 ते 800च्या सुमारास पुरलेल्या. त्या ब्राँझच्या, म्हणजे तांबे अधिक कथील, म्हणजेच आपले कांसे. ऑलिंपिक आले की आपण बिनचूक 'कांस्यपदक' म्हणतो, तूप लावून तळपाय घासायला काशाची वाटी घेतो, मग कुऱ्हाड दिसली की सगळ्यांना पितळच का सुचते?

'पोकळ'ही नको. आपल्या कुऱ्हाडीला आरपार नेढे असते. या कुऱ्हाडीला मागून खोबण असते, दांड्याचे टोक तिच्यात बसते आणि बाजूच्या छोट्या कडीतून दोरी ओवून ते आवळता येते. तेव्हा 'काशाची खोबणीची कुऱ्हाड' म्हणा. 'कुऱ्हाड' कुठारावरून आली, त्यात सांगण्यासारखे फार नाही.

सांगण्यासारखा शब्द आहे तो कथील. कल्हईवाला तापल्या पातेल्याला लावून नवसागराने फिरवतो तेच. कथील, गुजराती कथीर, संस्कृत कस्तीर, आणि ग्रीक कस्सितेरोस! प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस 'कस्सितेरिदेस', म्हणजे कथिलाच्या बेटांचा उल्लेख करतो. बरेच जण ती ब्रिटनकडची मानतात.

काही विद्वान म्हणतात, ग्रीकांनी हा शब्द संस्कृतातून उचलला. मला हे साफ अमान्य आहे. यजुर्वेदातल्या धातूंच्या यादीत कथिलाला त्रपु म्हटले आहे; कस्तीर तिथे नाही. उलट कस्सितेरोस होमरच्या इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्यात आहे. शब्द मालाबरोबर आला, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या वाटाड्या पुस्तकात गुजरातेतल्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कथील आहे, आणि पैठण-तेरचा माल गाड्यांवरून त्याच भडोचला जात होता. परतीच्या गाड्यांत कथील चढले, त्याबरोबर त्याचे नावही घाट चढले. मराठी-गुजरातीत हा शब्द इतका घट्ट रुजला तो उगाच नव्हे.

'होर्ड'ला 'पुरलेला ठेवा' पुरे.