स्पर्धक कंपन्यांना एकमेकांकडून शिकायला लावता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या क्षेत्रातल्या पाच कंपन्यांच्या प्रमुखांनी दर तीन महिन्यांनी भेटायचं ठरवलं. पाचांपैकी दोघे एकमेकांचे थेट स्पर्धक आहेत. दोन बैठका झाल्या, प्रत्येकाने आपल्या कंपनीचं छान सादरीकरण केलं आणि सगळे घरी गेले. कामाचं कुणी काही सांगितलं नाही. मग ज्या उद्योजकांना हे जमलं, त्यांनी नेमकं काय केलं?

मी बरीच वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात काम केलं आहे. त्यामुळे या बैठकांमध्ये तोंडं बंद का राहतात, हे मला आतून ठाऊक आहे. आपण सांगितलेलं उद्या आपल्याच विरुद्ध वापरलं जाईल, ही भीती त्यामागे असते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरलेली असते.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने त्याचे इंजिनिअर आमच्याकडे पाठवले. माणसं उत्तम होती. प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला आम्हाला लागायचा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात ती बदलता येते, हे त्यांनी आमच्या कामगारांबरोबर उभं राहून, हात काळे करून दाखवलं. आम्ही खूश होतो. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीच्या खरेदी विभागाचं पत्र आलं: तुमचा खर्च कमी झाला आहे, दर कमी करा. त्यानंतर त्यांचा माणूस यायचा असला की आम्ही आधी लाइन ‘आवरून’ ठेवायचो. जे दाखवायचं तेवढंच दाखवायचो. वर्षभराची मेहनत एका पत्राने वाया गेली, आणि ते पत्र लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा.

टोयोटाने नेमकी ही जागा ओळखली होती, म्हणून त्यांचं उदाहरण मी सगळ्यांत आधी देतो. त्यांच्या पुरवठादारांची संघटना, क्योहोकाई, १९४३ पासून आहे. पण संघटना कुणीही काढतं. महत्त्वाचं ते पुढे झालं. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो यांनी कंपनीत एक सल्लागार विभाग उभा केला. त्याचे लोक पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन मोफत सुधारणा करून देत, आणि त्यातून वाचलेले पैसे लगेच दर कमी करून मागितले जात नसत. फायदा आधी पुरवठादाराच्या पदरात पडायचा. बदल्यात एकच अपेक्षा असायची: उद्या दुसरा पुरवठादार बघायला आला तर त्याला कारखान्याचं दार उघडायचं. ज्याला मिळालं, त्याने पुढे द्यायचं.

१९७७ पासून त्यांनी महत्त्वाच्या पुरवठादारांचे छोटे अभ्यासगट केले. एका गटात पाच ते आठ कंपन्या. ते एकेका सभासदाच्या कारखान्यात जात, तिथली एखादी अडचण घेऊन काम करत आणि मग पुढच्याकडे वळत. गट पाडताना दोन गोष्टी पाळल्या जात, आणि मला त्यांत फार शहाणपण दिसतं. थेट स्पर्धक एका गटात ठेवायचे नाहीत. आणि साधारण तीन वर्षांनी गट मोडून नव्याने बांधायचे, म्हणजे एका गटात मुरलेलं ज्ञान दुसरीकडे जातं आणि कोंडाळं होत नाही.

याचं फळ १९९७ साली दिसलं. १ फेब्रुवारीला आयसिन सेकी या कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ एकटी आयसिनच पुरवत होती, आणि टोयोटाकडे साठा होता जेमतेम काही तासांचा. दोन-तीन दिवसांत जपानमधले त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज जो मागेल त्याला देऊन टाकली. साठाहून जास्त कंपन्यांनी तो भाग स्वतः बनवायला घेतला. त्यांत शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती, जिने मोटारींचे भाग आधी बनवलेच नव्हते. पैशाचं आधी बोलायला कुणी थांबलं नाही. काही दिवसांत पहिले व्हॉल्व्ह आले आणि साधारण आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. नंतर टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या १ टक्का इतकी रक्कम आपणहून दिली. कुणाकडे कोणतं मशिन आहे, कुणाचा कोण माणूस कशात हुशार आहे, हे या लोकांना आधीच माहीत होतं. आगीच्या दिवशी ओळख करून घ्यावी लागली नाही.

तुम्ही म्हणाल, ते ग्राहक आणि पुरवठादार झाले, आमच्यात तर दोघे थेट स्पर्धक आहेत. रास्त आहे. स्पर्धक तेव्हाच मोकळे होतात जेव्हा एकाची चूक सगळ्यांना बुडवू शकते किंवा अडचण सगळ्यांना सारखीच छळते. पहिल्याचं उदाहरण अमेरिकेतल्या अणुवीज कंपन्यांचं. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडचा अपघात झाला. अणुभट्टी एका कंपनीची होती, पण लोकांचा विश्वास उडाला तो सगळ्यांवरचा. त्याच वर्षाच्या अखेरीस वीज कंपन्यांनी मिळून ‘इन्पो’ ही संस्था काढली. संस्थेच्या लोकांबरोबर दुसऱ्या कंपन्यांचे अनुभवी तंत्रज्ञ एखाद्या प्रकल्पात जातात, बारकाईने पाहणी करतात आणि अहवाल थेट त्या कंपनीच्या प्रमुखाच्या हातात देतात. आणि दरवर्षी प्रमुखांच्या परिषदेत कुणाचा प्रकल्प कुठल्या श्रेणीत आहे, हे सगळ्या प्रमुखांसमोर मांडलं जातं. बाहेर जाहीर होत नाही. आत मात्र लपत नाही. बरोबरीच्या माणसांसमोर मागे पडल्याची टोचणी सरकारी दंडापेक्षा जास्त काम करते, असं माझं मत आहे. चेर्नोबिलनंतर, १९८९ मध्ये, याच धर्तीवर ‘वानो’ ही जागतिक संघटना उभी राहिली.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण सेमाटेकचं. १९८७ मध्ये चौदा अमेरिकन चिप कंपन्या जपानी स्पर्धेपुढे टिकाव धरण्यासाठी एकत्र आल्या, सरकारनेही पैसा घातला. सुरुवातीला तिथेही तुमच्यासारखंच झालं. आपली खास उत्पादनपद्धत उघड करायला कुणी तयार होईना. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस १९८८ मध्ये प्रमुख म्हणून आले. संस्थेचा भर हळूहळू चिपवरून चिप बनवण्याच्या यंत्रांवर आणि ती यंत्रं पुरवणाऱ्यांवर सरकला. यंत्रं सगळेच विकत घेत होते, त्यामुळे ती सुधारण्यात कुणाचं गुपित जात नव्हतं. तुमच्या गटातही असा विषय शोधा. वीज, सुरक्षितता, कामगारांचं प्रशिक्षण, एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या कच्च्या मालातले दोष, असं काहीतरी.

एक मोठा धोका राहिला, तो घरचा: बाहेर शिकलेलं आपल्याच कंपनीत न पसरण्याचा. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रेमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद केला होता. टोयोटाबरोबर भागीदारीत, नुम्मी या नावाने, तो १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाला. कामगार बरेचसे जुनेच होते, युनियन तीच होती, आणि तरीही गैरहजेरी घटली, गुणवत्ता एकदम वर आली. जनरल मोटर्सने तिथे आपले व्यवस्थापक शिकायला पाठवले, पण परतल्यावर ते वेगवेगळ्या कारखान्यांत एकेकटे विखुरले गेले. एकटा माणूस जुन्या चालीच्या कारखान्यात काय करणार? जे फ्रेमाँटला घडलं ते बाकीच्या कारखान्यांत पोचायला कित्येक वर्षं गेली. म्हणून बाहेर शिकायला पाठवाल तर एकाच विभागातले तीन-चार जण एकत्र पाठवा, त्यात लाइनवरचा सुपरवायझर असू द्या, आणि परत आल्यावर त्यांना काहीतरी बदलून बघण्याची परवानगी आधीच देऊन ठेवा.

कायद्याचं एवढंच: दर, निविदा, कोणता ग्राहक कुणाचा, किती माल काढायचा, पगार किती द्यायचा, यांतलं काहीही स्पर्धकांच्या बैठकीत निघता कामा नये. बहुतेक देशांत तो स्पर्धा कायद्याचा भंग ठरतो. विषयपत्रिका आधी लेखी फिरवा, वकिलाला दाखवा, आणि कुणी घसरलाच तर बैठक तिथेच थांबवा.

आता तुमच्याबद्दल. सुरुवात तुम्हालाच करावी लागेल, कारण गट जमवायची इच्छा तुमची आहे. तिसऱ्या बैठकीत सादरीकरण करू नका. गेल्या वर्षात तुमच्याकडे जे सगळ्यांत जास्त फसलं ते आकड्यांसकट सांगा: रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, किती होतं, कारण काय वाटलं होतं, खरं काय निघालं, अजून काय कळलेलं नाही. मी एका गटात हे होताना पाहिलं आहे. एका वयस्कर मालकाने त्यांची एक पूर्ण खेप परत कशी आली ते सांगितलं आणि खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारचा हळूच म्हणाला, ‘आमचीही आली होती.’ त्या दिवशी बैठक ठरल्यापेक्षा दोन तास जास्त चालली.

त्याआधी तुमच्या खरेदी विभागाच्या प्रमुखाला लेखी कळवा की या गटातून समजलेली कोणतीही गोष्ट दराच्या बोलणीत वापरायची नाही, आणि ते पत्र बाकीच्या चौघांना दाखवा. दोन स्पर्धकांसाठी वेगळी सोय लागेल. एकमेकांच्या लाइनवर जाण्याची सक्ती त्यांच्यावर करू नका, ते आपणहून गेले तर उत्तमच. सहा महिने एकच विषय घ्या. आणि तिसऱ्या बैठकीसाठी हॉटेलचं सभागृह ठरवलं असेल तर ते रद्द करून सगळ्यांना तुमच्या कारखान्यात बोलवा, आणि ज्या मशिनवर रिजेक्शन सगळ्यांत जास्त आहे त्याच्यापाशी खुर्च्या मांडा.