दंड वाढवण्याआधी

चि. वकीलबाईंस अनेक आशीर्वाद.

बैलांच्या छळावरच्या निवेदनाचा मसुदा वाचला. ‘कठोर शिक्षा झालीच पाहिजे’ हे पानोपानी आलंय, एकदा पुरे. मागणी रास्तच आहे. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960च्या केंद्रीय कायद्यात कलम 11खाली पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, आणि तो आजही तेवढाच. 2022मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला, हरकती-सूचना मागवल्या, पुढे काही नाही.

पण माझं ऐकशील तर दंडाची मागणी मसुद्यात खाली घे आणि कलम 31, म्हणजे कोणते गुन्हे पोलिसांनी स्वतःहून दाखल करायचे ते, वर आण. बैलाला झोडपणं, न झेपणारं ओझं लादणं हे गुन्हे अदखलपात्र आहेत. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून घेतात आणि तुला कोर्टाची वाट दाखवतात. त्यात कलम 36 सांगतं की तीन महिने उलटले की खटलाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325ला पाच वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण त्यासाठी जनावर मरायला नाहीतर निकामी व्हायला हवं.

आता गाळप सुरू झालं की एखाद्या साखर कारखान्याच्या गाडीतळावर जा. ऊस लादलेल्या टायरगाडीचा बैल जवळून बघ. जू टेकतं तिथली कातडी घट्टा पडून काळी झालेली, मधोमध ओली जखम, वर हळद थापलेली. चढाला लागला की पुढचे पाय मुडपतात आणि मागून पराणी टोचते. तुला गाडीवानाचा राग येईल. येऊ दे, पण त्याचा हिशेबही विचार. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेऊन आलेला माणूस, बैलही पुष्कळदा त्याच उचलीतला, आणि मजुरी टनावर. खेप जड झाली की उचल लवकर फिटते. उद्या दंड पन्नास हजार झाला तर तो मुकादम भरेल आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत चढवेल. बैलाच्या खांद्यावरचं ओझं किलोभरही उतरणार नाही.

याच कायद्याखालच्या 1965च्या नियमांत गाडीवरच्या ओझ्याला मर्यादा आहे, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, 37 अंशांच्या वर पारा गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, अणकुचीदार काठी तर नाहीच. हे सगळं सिद्ध कसं करायचं म्हणशील, तर ओझ्याचा पुरावा कारखाना स्वतःच छापतो. वजनकाट्याची पावती! गाडी काट्यावर घेणाऱ्यालाच जबाबदार धरा, ही मागणी तुझ्या मसुद्यात कुठेच नाही.

आणि निवेदन दिल्लीला कशाला? विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017मध्ये याच केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली, अटी मोडणाऱ्याला 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद ठेवली. शर्यतीच्या घाटात पाच लाख आणि कारखान्याच्या रस्त्यावर पन्नास रुपये, हे आमदारांना समोर बसून विचार. बैलाच्या नावाने मतं मागणाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल.

‘मुक्या जिवांचा टाहो’ वगैरे काढून टाक. त्या जागी पावत्यांच्या प्रती आणि पशुवैद्यकाचा जखमांचा दाखला जोड. दुरुस्त मसुदा पाठव, मी लाल पेन काढून ठेवलंय.

तुझा,
सर