अरब, अब्ज आणि चौदा शून्यांचा जलधी

दापोलीहून विचारणा आली आहे: ‘दोन अरब रुपये’ हे मराठीत चालेल का, आणि जुन्या मोजणीतला ‘जलधी’ हा खरोखरीचा आकडा की कवींची हौस?

चालणार नाही. आमच्या किनाऱ्यावर अरब म्हटलं की समोरचा समुद्र, नाहीतर त्याच्या पलीकडच्या काठावरचा माणूस. शंभर कोटींना ‘अब्ज’ हा धडधाकट शब्द घरात असताना बातम्या देणारे हिंदीतून अरब उसना आणतात. बरं, उसना तोही घसरलेला. अरब आला अर्बुदातून, आणि भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (११५०) अर्बुद म्हणजे दहाच कोटी. हिंदीत येईतो एक शून्य चिकटलं. खर्वाचंही तेच झालं: लीलावतीत दहा अब्ज, हिंदी खरब शंभर अब्ज. आणि खर्व या शब्दाचा अर्थ काय, तर बुटका!

असो. जलधी मात्र आकडाच, आणि काय देखणा! जल अधिक धि, जसा निधी तसा जलधी, पाण्याची साठवण. एकावर चौदा शून्यं. कोटीला कोटीने गुणा, जलधी हजर; म्हणजे तो पूर्ण वर्ग. त्याचे मूळ अवयव दोनच, २ आणि ५, पण विभाजक तब्बल २२५. त्यातून एक काढा, तर ९, ११, २३९ आणि ४६४९ या चौघांनी निःशेष भाग जातो. एक मिळवा, तर २९, १०१ आणि २८१ ने. अर्थसंकल्पावर बोलणारे ‘शंभर लाख कोटी’ असं अडखळत म्हणतात ना, तोच हा.

आता चौदाच शून्यं का? माझं ठाम मत आहे की समुद्रमंथनातून निघाली रत्नं चौदा, म्हणून. हसू नका. एक व्यासंगी स्नेही दरवेळी वाजसनेयी संहितेतली, म्हणजे शुक्ल यजुर्वेदातली, आकड्यांच्या नावांची यादी पुढे करतात, की तिथे समुद्राला नऊच शून्यं आहेत. आहेत ना! पण त्या यादीत कोटीच नाही, मग कोटीचा वर्ग येणार कुठून? नुसती यादी पाठ असली म्हणजे हिशेब येतो असं नाही. त्यांना एकदा चौदावं रत्नच दाखवायला हवं.

लीलावतीवर १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिणारे गणेश दैवज्ञ आपल्या मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. समुद्र उशाशी घेऊन झोपणाऱ्याला जलधी किती मोठा हे कोणी सांगावं लागलं नसणार.

फक्त एक सांभाळा. ज्योतिषाच्या श्लोकांत आकडे शब्दांनी सांगतात, चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, असे. तिथे समुद्र चार धरतात. तेव्हा श्लोकात जलधी भेटला, तर शून्यं मांडत बसू नका. तिथे तो नुसता चार असतो.