पॉवर स्टिअरिंगचं ऑइल: रंग पाहू नका, झाकण वाचा

बॉनेट उघडून सगळीकडे शोधलं, ऑइलची डबी सापडत नाही. कुठे असते?
स्टिअरिंग पूर्ण इलेक्ट्रिक असेल तर डबी नसतेच, ऑइलही लागत नाही. काही गाड्यांत मात्र पंप विजेवर चालतो आणि आत ऑइल असतं, म्हणून मॅन्युअल उघडून खात्री करा.

डबीतलं ऑइल लाल आहे. मेकॅनिक म्हणतो, "लाल म्हणजे एटीएफ, सगळ्या गाड्यांना चालतं." ओतू का?
नको. हा प्रश्न सतत येतो. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. तेलाचा लाल रंग हा वरून मिसळलेला रंग आहे, त्यावरून जात कळत नाही. डेक्सरॉन जातीचं एटीएफ लाल असतं आणि अनेक जुन्या गाड्यांना तेच लागतं, हे खरं. पण सीएचएफ ११एस हे हिरवं सिंथेटिक ऑइल मागणाऱ्या गाड्याही पुष्कळ आहेत, आणि काही कंपन्यांना स्वतःच्याच जातीचं ऑइल हवं असतं. शिवाय जुनं ऑइल काळपट तपकिरी होतं. मग कोणता रंग जुळवणार?

फरक दाटपणाचा आहे. सीएचएफ ११एस थंडीतही पातळ राहतं. त्याच्या जागी एटीएफ गेलं की थंड इंजिनवर पंपाला ते ओढायला जड जातं, पंप कण्हतो आणि झिजतो. दुसरा फरक सीलच्या रबराचा. रबर ज्या तेलासाठी निवडलेलं असतं, त्याहून वेगळ्या तेलात ते फुगू किंवा कडक होऊ शकतं. हे चार दिवसांत दिसत नाही, गळती सुरू व्हायला महिने जातात. म्हणून "मी टाकलं, काही झालं नाही" हा पुरावा नाही. डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो कोड आहे, तोच बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेला हवा. पुढे मोठ्या अक्षरांत 'सर्व गाड्यांसाठी' लिहिलेलं असतं ते विक्रीसाठी. कोड पुसला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा चॅसिस नंबर देऊन विचारा.

चुकून ब्रेक ऑइल ओतलं. इंजिन चालू केलेलं नाही.
करूही नका, स्टिअरिंगही फिरवू नका. ब्रेक ऑइल सहसा ग्लायकॉलचं असतं, त्यात स्टिअरिंगचे सील फुगतात. आत्ता डबी रिकामी करून धुण्यावर भागू शकेल, पण ते मेकॅनिकनेच करावं. गाडी टो करून न्या.

दर महिन्याला थोडं ऑइल घालावं लागतं. गळती थांबवणारं द्रव्य मिळतं, ते टाकू?
ही बंद यंत्रणा आहे, ऑइल जळून संपत नाही. कमी होतंय म्हणजे गळतंय. होजची (रबरी नळीची) क्लॅम्प, पंपाच्या शाफ्टचं सील, जास्त दाबाचा पाइप, रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांचे रबरी बूट (ऑइल आतच साचत असेल तर जमिनीवर थेंबही दिसत नाही) हे सगळं तपासायला हवं. ते द्रव्य सील फुगवतं, धड असलेलेही. फाटलेला पाइप त्याने सांधत नाही. आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

वळवताना घूं-घूं आवाज येतो, डबीत फेस दिसतो.
पातळी कमी आहे किंवा डबीकडून पंपाकडे जाणारी होज हवा ओढतेय. आधी ते नीट करून घ्या. मग पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. डबी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच पुन्हा. शेवटच्या टोकाला ५ सेकंदांहून जास्त धरू नका, पंप तापतो. आवाज तरीही राहिला तर पंप दाखवा.

पातळी गरम असताना पाहू की थंड?
कशीही, पण 'हॉट'ची खूण गरम ऑइलसाठी आणि 'कोल्ड'ची थंडसाठी.