ख्रिस्ती श्रद्धेला गांभीर्याने भिडणारी एखादी भयमालिका आहे का?

आहे, माइक फ्लॅनगन यांची ‘मिडनाइट मास’ (2021, नेटफ्लिक्स). सातच भाग आहेत आणि त्यांना ‘उत्पत्ती’पासून ‘प्रकटीकरणा’पर्यंत बायबलमधल्या पुस्तकांची नावं दिली आहेत. मी ती दोनदा पाहिली. इथे क्रूस दाखवला की भूत पळालं, असला प्रकार नाही. भीती थेट मिस्सेतूनच, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेतूनच येते. दुसऱ्या भागाच्या शेवटी फादर पवित्र भाकर हातात धरून व्हीलचेअरवरच्या मुलीपासून एकेक पाऊल मागे सरकतात आणि तिला उठून यायला सांगतात. चमत्कार बघतोय की क्रौर्य, तेच कळेना! पुढे तीच मुलगी, ज्याच्या गोळीने तिला अपंग केलं त्या दारुड्याच्या दारात जाऊन त्याला क्षमा करते. आधी तुझा किती द्वेष केला हे सुनावून, मग. क्षमेवरचं इतकं खरं दृश्य मी प्रवचनातही ऐकलेलं नाही. शिवाय बायबलमध्ये देवदूत दिसला की माणसं आधी घाबरतातच, या गोष्टीचा फार बेरकी वापर केलाय (जास्त सांगत नाही). मात्र शेवटाकडे मृत्यूबद्दल जो दिलासा मिळतो तो चर्चच्या शिकवणीतला नाही, आणि रक्तपात भरपूर आहे.