दान पडल्यावर काय करायचं, ते खेळणाऱ्याला ठरवू द्या

तुमचा खेळ वहीत मांडून काल रात्री सहा-सात डाव खेळून बघितला. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एकट्याने खेळायचा भुयाराचा खेळ हवाय, साहित्य म्हणजे दोन फासे, कागद, पेन्सिल, आणि वेळ दहा मिनिटं. सध्या प्रत्येक खोलीत एक फासा टाकायचा. १-२ पडलं तर खोली रिकामी, ३-४ ला राक्षस, ५-६ ला खजिना. राक्षस भेटला की एक फासा त्याचा, एक आपला, मोठा आकडा जिंकतो. थोड्याच डावांत कंटाळा येतो, म्हणून तलवारी, औषधं, सापळे वाढवू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात वाढवू नका. तुमच्या लढतीत ३६ पैकी १५ वेळा आपण जिंकतो, १५ वेळा राक्षस, ६ वेळा बरोबरी. या गणितात काही चूक नाही. अडचण अशी आहे की अख्ख्या डावात मला एकदाही काही ठरवावं लागलं नाही. फासा टाकला, जे पडलं ते लिहिलं, पुढे गेलो. सापशिडीतही हेच होतं, पण तिथे समोर कोणीतरी बसलेलं असतं म्हणून मजा येते. एकट्याच्या खेळात ती सगळी जागा निर्णयाने भरावी लागते. म्हणून क्रम बदला: आधी दान पडू द्या, मग त्या दानाचं काय करायचं ते खेळणाऱ्याला ठरवू द्या.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका खड्ड्यात पडलो होतो, तो सांगतो. दोन फासे टाकायचे, त्यातला कुठलाही एक राक्षस म्हणायचा, दुसरा आपला वार. वार कमी पडला तर जेवढा फरक तेवढे जीव गेले. राक्षसाच्या आकड्याइतक्या मोहरा मिळाल्या. वाटलं, छान जमलं! मोठा राक्षस घेतला तर मोहरा जास्त पण मार बसतो, छोटा घेतला तर मार नाही पण मोहरा कमी. बऱ्याच डावांनंतर लक्षात आलं की ५ आणि २ पडले काय किंवा ६ आणि १ पडले काय, प्रत्येक जादा मोहरेला बरोबर एकच जीव मोजावा लागतोय. दहा जीव देऊन दहा जादा मोहरा, कुठल्याही खोलीत, कुठल्याही क्रमाने. भाव कायमचा ठरलेला असला की निर्णय नुसता दिसायला उरतो.

मग लढत तशीच ठेवून मोहरा काढून टाकल्या आणि कागदावर १ ते ६ अशा सहा चौकटी आखल्या. प्रत्येक आकड्याचा राक्षस एकदा मारून चौकट भरायची, सहाही भरल्या की भुयाराबाहेर. जीव सहा, शून्यावर गेले की डाव संपला. मशाली बारा, प्रत्येक खोलीला एक जळते, संपल्या की अंधार आणि हार. लढायचं नसेल तर निसटून जाता येतं, मशाल मात्र जळतेच. हवी तर आणखी एक मशाल जाळून एक फासा पुन्हा टाकता येतो. एवढेच नियम.

आता आकडे बघा. समोर येईल ती नवी चौकट भरत गेलात तर सहाही भरायला सरासरी साडेनऊ खोल्या लागतात. त्यातली शेवटची एकटी चौकटच सव्वातीन खोल्या खाते, कारण नेमका हवा तो आकडा दोन फाशांपैकी एकावर पडण्याची शक्यता ३६ पैकी ११ आहे. म्हणजे बारातल्या दोन-अडीच मशालीच काय त्या उधळायला मिळतात. जिवांचं म्हणाल तर १ चा राक्षस फुकट मरतो, ६ च्याला सरासरी अडीच-पावणेतीन जीव लागतात, आणि काहीच विचार न करता लढत गेलं तर सगळे मिळून सव्वासहाच्या आसपास. तुमच्याकडे सहा आहेत. म्हणून कुठे ना कुठे थांबून विचार करावाच लागतो.

परवाच्या डावातली एक खोली सांगतो. २, ३, ५ भरलेल्या, जीव पाच, आणि दान पडलं ६ आणि २. सहाला आत्ता मारलं तर चार जीव जाऊन एक उरणार. हातात सहा-सात मशाली होत्या, म्हणून एक जाळून दोनचा फासा पुन्हा टाकला. ४, ५, ६ यातलं काहीही पडलं तर मार दोन किंवा कमी, आणि १ किंवा ४ पडला तर ती चौकटही मोकळीच होती. पडला ४. तरी मिनिटभर थांबलो: चारला सहाच्या वाराने फुकट मारू, की दोन जीव देऊन सहाचा काटा काढू? सहालाच मारलं. हेच दान दोनच मशाली शिल्लक असताना पडलं असतं, तर फासा फिरवायची सोयच नव्हती, चार जीव मोजावेच लागले असते. दान तेच, पण मशालीचा भाव बदलला. १९८० सालच्या 'रोग' (Rogue) या संगणकावरच्या भुयाराच्या खेळात भूक हेच काम करते: जेवण संपत येतं, म्हणून रेंगाळता येत नाही.

वीस डाव खेळा आणि प्रत्येक डाव संपल्यावर उरलेले जीव आणि उरलेल्या मशाली लिहून ठेवा. जिंकताना जीव नेहमीच उरत असतील तर सहाचे पाच करा, मशाली उरत असतील तर बाराच्या अकरा. एका वेळी एकच आकडा हलवा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. तलवार त्यानंतर आणा, आणि आणाल तेव्हा ती मशाली देऊन विकत घ्यायला लावा. वारात एक वाढवणारी तलवार दोन मशालींना, इथून सुरुवात करून बघा.