पहिली ॲल्युमिनियमची बोट घेताना

मिनेसोटात घरच्यांना घेऊन तळ्यावर जायचं असेल, तर १४ फुटीऐवजी १६ फुटी बोट बघा. १४ फुटीत दोघं गळ टाकून आरामात बसतात. पण वहिनी, दोन्ही मुलं, डब्यांची पिशवी आणि बर्फाची पेटी चढली की हलायला जागा उरत नाही. बोटीत क्षमतेची पट्टी असते: किती माणसं, किती वजन, किती अश्वशक्तीचं इंजिन. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा ती वाचा.

जुनी घ्यायला काहीच हरकत नाही. पत्रा कुजत नाही, पत्रे जोडणारे रिव्हेट मात्र ढिले होतात. बोट ट्रेलरवरच ठेवून आत थोडं पाणी ओता आणि खालून कुठे ठिबकतंय ते बघा. इंजिन जिथे बसतं त्या मागच्या फळीत बऱ्याचदा लाकूड असतं, ते सडतं. इंजिन धरून जोरात हलवा. फळी लवली तर सौदा सोडा, कितीही स्वस्त असो.

पाण्यात उतरवण्याआधी तळाचं बूच लावा. परतताना ते काढूनच रस्त्याला लागायचं, इथे तसा कायदाच आहे. बोटीत साचलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, तळ्यांना त्रासदायक छोटे शिंपले) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. बोट चालू असताना 10 वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. तुम्हीही घाला, मे महिन्यात पाणी फार गार असतं.

आणि मुलं सोबत असताना वॉलाय माशामागे लागायचा नाद नको. काठाजवळ गांडूळ लावून सनफिश धरू द्या, दोन तासांत परत फिरा.